खाडीतल्या चोणकासाठी बांबूची फ्लाय छडी: टेपर कुठला धरायचा?

खाजनकाठ:
चोडण-दिवाडी या मांडवीतल्या बेटांच्या बांधांवरून किंवा होडीतून चोणक, तांबसो या माशांसाठी सहा कांबींची (बांबूच्या तिकोनी पट्ट्या चिकटवून केलेली) ८ फुटी, दोन तुकड्यांची छडी करायची आहे. ट्राउटच्या छडीचा जुना टेपर घेऊन फुगवावा, की मुळापासून नवा काढावा? माझं मत फुगवण्याकडे.

नवख्यांसाठी सांगतो: फ्लाय म्हणजे पिसा-केसांचं खोटं आमिष, ते दोरीच्या वजनावर फेकायचं; दोरीचा नंबर तिचं वजन सांगतो. टेपर म्हणजे टोकापासून दर ५ इंचांवर छडीची जाडी, एका सपाट बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत, थाऊमध्ये म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. ७ नंबरचे १८५ ग्रेन, १२ ग्रॅम. भार ३२ टक्के वाढला. ताण जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून १.३२ चं घनमूळ काढायचं आणि सगळे आकडे १.१० ने गुणायचे. चांगल्या ५ नंबरी टेपरवरून मला हे मिळालं: ५ इंचांवर ९६, २५ वर १६५, ४५ वर २३०, ६५ वर २९५, ८० वर ३४०. मधले सरळ रेषेत भरा.

रंधा_पाती:
घनमूळ बरोबर, पण ते सगळीकडे सारखं लावणं चूक. छडीला दोरीबरोबर स्वतःचं वजनही पेलावं लागतं. जाडी १.१० पट केली की ते वजन २१ टक्केच वाढतं, छेदाची ताकद मात्र ३३ टक्के वाढते. टोकाकडे दोरीचाच भार मुख्य, तिथे १० टक्के चालतील. मुठीकडच्या अर्ध्यात ते जास्त होतात, छडी तिथे ठोकळा होते आणि वाकायचं सगळं काम वरच्या अर्ध्यावर येतं. अमेरिकी छडीकार गॅरिसन यांनी दर ५ इंचांवर ताण मोजायची रीत घातली ती याचसाठी.

दुसरं, फेरूल (दोन तुकडे जोडणारी धातूची नळी) पाहिलंत का? मधला जोड ४८ इंचांवर. तुमच्या आकड्यांनी तिथे २४० थाऊ येतात. १५/६४ चं फेरूल २३४ चं, १६/६४ चं २५०. १५/६४ बसवायला सपाट बाजूंवरूनही तीन-तीन थाऊ तासावे लागतील. बांबूचं सगळं बळ सालीलगतच्या धाग्यांत, नेमके तेच जातात. छड्या फेरूलच्या कडेला मोडतात, त्यातल्या बऱ्याच अशाच.

आणि तो ५ नंबरी टेपर जुनी छडी मोजून काढलेला असेल तर त्यात व्हार्निशही मोजलं गेलंय. आधी ४-५ थाऊ वजा करा, मग गुणाकार.

शापोरा_ओहोटी:
दोघेही एकाच चालीची छडी गृहीत धरताय, टोक चपळ आणि बुंधा ताठ. चोणक मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी ओहोटीला थांबतो. होडीतून ३५-४० फुटांवर टाकायचं असतं, तेही बोटभर जाड, भिजलेला फ्लाय. (मानशीची पावणी, म्हणजे मासेमारीच्या हक्काचा लिलाव, झालेली असते, आधी विचारून जा, नाहीतर टेपरची चर्चा बाजूलाच राहील.) अशा जवळच्या टाकीला पॅराबोलिक बरा: टोक तुलनेने जाड, मुठीच्या वर मुद्दाम बारीक, म्हणजे छडी मुठीपर्यंत वाकते. अमेरिकी छडीकार पॉल यंग यांची पॅरा १५ छडी त्याच जातीची. जड फ्लाय बारीक टोकावर लटपटतो, दोरीचा फास (फेकताना हवेत पडणारा वळसा) उघडतो.

रंधा_पाती:
सकाळी चालेल. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पॅराबोलिक छडीचा फास रुंद होतो आणि फ्लाय पाठीत येतो. शिवाय मासा लागल्यावर त्याला खारफुटीच्या मुळांपासून ओढून धरायचं बळ मुठीकडून येतं. तुम्ही नेमकं तिथेच बारीक करताय.

शापोरा_ओहोटी:
ओढायला छडी नाही वापरायची हो. छडी खाली, पाण्याच्या रेषेत धरा आणि हाताने दोरी ओढा. छडी उभी धरून मासा आवरणाऱ्याने ताठ बुंधा केला तरी टोक मोडणारच.

सहा_कांबी:
टेपर कुठलाही घ्या, कागदावरचा आकडा छडीत उतरला पाहिजे. कांब रंधायच्या साच्याची खाच छडीच्या जाडीच्या निम्मी असते. कांबीत एक थाऊ चुकला की छडीत दोन. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात जातो, म्हणजे टोकाला ८० च्या जागी ८२ झाले की तो १० टक्क्यांनी वाढतो. गोव्यात हे सहज घडतं: भट्टीत तापवलेल्या कांबी पावसाळ्यात चार दिवस उघड्या ठेवल्या की हवेतली ओल पिऊन फुगतात. मग बरोबर मापाला रंधलेली कांब सुकल्यावर बारीक. बल्ब लावलेल्या बंद कपाटात ठेवा, रंधायला एकेक काढा, शेवटचे दहा थाऊ एका बैठकीत उतरवा.

बुंध्याच्या वजनाची भीती असेल तर बुंधा पोकळ करा. आतून निम्म्या जाडीचं भोक पडेल इतकं खरवडलं तर वजन २५ टक्के जातं, ताठपणा फक्त ६ टक्के. फेरूलखाली आणि मुठीत मात्र भरीव ठेवायचं, मध्येमध्ये आडवे बांध सोडायचे, नाहीतर डिंकाचा सांधा उकलतो.

खाजनकाठ:
माणगा बांबूचं काय? आपल्याकडे मुबलक, जवळजवळ भरीव.

सहा_कांबी:
सराव म्हणून उत्तम. पण चीनच्या टोंकिन बांबूपेक्षा पेरी आखूड, म्हणजे एका कांबीत गाठी जास्त. शेजारच्या कांबींच्या गाठी एका जागी येऊ न देणं कठीण जातं. आणि भरीव असला तरी आतला गर मऊच, बळ साल देते. टोंकिनसाठी काढलेला टेपर त्यावर जसाच्या तसा चालत नाही. आधी त्याच बांबूची एक कांब वजन टांगून वाकवून बघा, टोंकिनच्या तेवढ्याच कांबीशी ताडा. अमावस्येला तोडला तर भुंगा लागत नाही म्हणतात. मी तरी बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यावरच भरवसा ठेवीन.

खाजनकाठ:
ठीक, बदलतो. २५ इंचांपर्यंत तेच आकडे. ४५ वर २२५, ४८ वर २३४, म्हणजे १५/६४ चं फेरूल सपाट बाजू न तासता बसेल. ६५ वर २८५, ८० वर ३२८. पॅराबोलिक नाहीच करणार, वारा सोडत नाही.

शापोरा_ओहोटी:
मग निदान टोक ५ इंचांवर ९६ चं १०० करा. मोठ्या फ्लायला तेवढं लागेलच.