चेन सॉ: टाकी अर्धी झाली की बारला ऑईल येणं थांबतं, आणि ठेवलं की खाली गळतं

बागवाला_तासगाव
रामराम मंडळी. वडिलांनी लावलेली थॉमसन द्राक्षाची दीड एकर बाग यंदा मोडायला काढलीय. डॉगरिज खुंटावर (मुळासाठी लावतात त्या रानटी वेलावर) कलम केलेली बावीस वर्षांची झाडं. खोडं पोटरीएवढी जाड झालीत. तारा सोडवून गुंडाळून ठेवल्या, तारांचे लोखंडी अँगल तेवढे अजून उभे आहेत. पहिल्या वळवाच्या आत रान मोकळं करून नांगरट टाकायची आहे. कुऱ्हाडीनं एक ओळ काढायला दोन गडी दिवसभर लागतात, म्हणून ओळखीतनं एक जुनं छोटं पेट्रोलवरचं चेन सॉ घेतलं. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, १६ इंची.

अडचण अशी आहे की सकाळी पेट्रोलची आणि चेनच्या ऑईलची अशा दोन्ही टाक्या गच्च भरून सुरुवात केली की पहिला काही वेळ मशीन लोण्यात सुरी चालावी तसं चालतं. मग बारच्या टोकाकडनं धूर यायला लागतो. चेन ताठ होते, बारची एक कड निळी पडलीय. थांबवून बघितलं तर पेट्रोल संपत आलेलं असतं, पण ऑईल अर्ध्या टाकीवर येऊन तिथंच थांबलेलं. खालचा ऑईलचा स्क्रू जास्तीच्या बाजूला पूर्ण फिरवला, फरक नाही. बार काढून बघितला. खाचेत आणि ऑईलच्या भोकात द्राक्षाच्या सालीचा काथ्या ठासून बसला होता. तो साफ केला, तरी पुन्हा तेच.

दुसरं म्हणजे मशीन ठेवलं की ऑईल गळतं. जेवायला बसलो तेवढ्या वेळात बांधावर वाटीएवढा डाग पडतो. परवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर फरशीवरनं ओघळ बेदाण्याच्या बॉक्सपर्यंत गेला. खालचे दोन बॉक्स वासाला लागले. वर्षाची मेहनत आहे त्यात, जीव कळवळला.

चालताना येत नाही आणि बंद असताना गळतं, हे गणित मला सुटत नाही. पंप गेला म्हणायचा का? ऑईल ट्रॅक्टरचं बदलून काढलेलं वापरतोय, मशीन ज्याच्याकडनं घेतलं तो तेच टाकत होता.

कोयनाकाठ
पंपाला हात लावायच्या आधी कागदाची परीक्षा करा. पांढरा पुठ्ठा जमिनीवर ठेवा, बारचं टोक त्याच्यापासून वीतभर वर धरा, टेकवायचं नाही. अर्ध्याच्या वर रेस द्या. पुठ्ठ्यावर ऑईलची बारीक रेघ उमटली पाहिजे. एकदा टाकी भरून करा, एकदा अर्ध्या टाकीवर करा. आम्ही पाटणच्या वरच्या अंगाला निलगिरी तोडतो, रोज सकाळी हे केल्याशिवाय झाडाला मशीन लावत नाही.

जावळीचा_गडी
ऑईल कुठलंही चालतं हो. मी आठ वर्षं काळं ऑईलच घालतोय. आमच्याकडे थंडीत ते घट्ट होतं, तेव्हा थोडं पातळ करून घालतो, एवढंच. तुमच्याकडे तासगावला एप्रिलच्या उन्हात घट्ट व्हायचा प्रश्नच नाही. पंप बदला, मोकळे व्हा.

फिटरकाका_कराड
पंप बदलू नका. माझ्या मते पंप चांगला आहे.

पंप कसा फिरतो ते आधी बघा. बऱ्याच छोट्या मशिनांत क्लचच्या ड्रममागं एक वर्म गिअर असतो. ड्रम फिरला की तो फिरतो आणि पंपाचा दांडा हलवतो. हा गिअर पुष्कळदा प्लॅस्टिकचा असतो. चेनचा ब्रेक ओढलेला असताना कुणी रेस दिली की क्लच तापतो आणि गिअर वितळतो. पण तसं झालं असतं तर भरल्या टाकीवरही थेंब आला नसता. तुमच्याकडे निम्मी टाकी नीट जातेय, म्हणजे ढकलणारा शाबूत आहे. त्याला पुढचं ऑईल मिळत नाही.

याची दोन कारणं असू शकतात. टाकीत हवा शिरायचं बारीक छिद्र असतं. ते चोंदलं की ऑईल जाईल तशी आत पोकळी होते आणि पंपाला ओढ लागत नाही. नाहीतर टाकीतल्या रबरी नळीला चीर गेलेली असते. भरल्या टाकीत ती चीर ऑईलखाली बुडालेली असते. पातळी खाली गेली की उघडी पडते आणि पंप ऑईलऐवजी हवा ओढतो.

यातलं कुठलं ते घरीच कळेल. ऑईल यायचं थांबलं की टाकीचं झाकण नुसतं उघडा आणि परत लावा. ऑईल घालू नका. मग पुठ्ठ्यावर बघा. रेघ आली तर छिद्र चोंदलंय. नाही आली, आणि टाकी भरल्यावरच आली, तर नळी.

गळतीचं कोडं वेगळं आहे. हवेचं छिद्र आत घेतं, बाहेर सोडत नाही. गरम मशीन उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवलं की टाकीतली हवा फुगते आणि ऑईलला पंपातनं बारकडे रेटते. त्यामुळं मला तर वाटतं छिद्र चालू असावं, नळीच गेलेली असावी. थोडं पाझरणं सगळ्याच मशिनांना असतं. ठेवताना झाकण एकदा ढिलं करून हवा सोडायची आणि परत घट्ट करायचं. आणि ते मशीन बेदाण्याच्या शेडमध्ये परत नेऊ नका, एवढं माझं ऐका.

आता काळ्या ऑईलबद्दल. जावळीच्या भावांचा मान राखून सांगतो, मी त्याच्या विरोधात आहे. त्यात इंजिनात झिजलेल्या लोखंडाची कीस असते, ती गाळणीत आणि पंपात बसते. दुसरं असं की चेनच्या ऑईलला चिकटपणा लागतो. बोटावर घेऊन दोन बोटं लांबवली की तार धरली पाहिजे, नाहीतर टोकाला वळसा घेताना ते उडून जातं. आणि ते उडतं कुठं? तुमच्या हातावर, तोंडावर. जळलेलं ऑईल वर्षानुवर्षं कातडीला लागणं चांगलं नाही, कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. चेनचं मिळालं नाही तर साधं ३० नंबरचं नवं इंजिन ऑईल घाला, पण नवं घाला. काहीजण शेंगतेल घालतात. ते रोजच्या वापराला चालतं, पण महिनाभर ठेवलं की आत गोंद होतो.

जावळीचा_गडी
काका, कॅन्सरचं माहीत नव्हतं. घरात पोरगाही माझ्याबरोबर मशीन धरतो. बदलतो.

बागवाला_तासगाव
काका, झाकण उघडून लावलं, पुठ्ठा कोरडाच. टाकी भरली आणि लगेच रेघ आली. म्हणजे नळी.

वायर वाकवून हुक केला आणि नळी गाळणीसकट टाकीच्या तोंडातनं ओढून काढली. टाकीच्या भिंतीतनं नळी जिथं आत येते आणि वळते, बरोबर त्या वळणावर नखाएवढी चीर. वाकवली की तोंड उघडतंय. गाळणीवर काळ्या गाळाचा थर होता, पेट्रोलमध्ये ब्रशनं धुतल्यावर खालची जाळी दिसली. टाकीच्या तळाचा गाळही धुऊन काढला. नळी सांगलीत मिळाली, किरकोळ पैशात. आता पेट्रोल संपतं तेव्हा ऑईलही तळाला आलेलं असतं.

एक विचारायचं राहिलं. बारची कड निळी झालीय, तो बार टाकून द्यायचा का?

फिटरकाका_कराड
प्लगची टोपी काढून ठेवा, मगच चेनला हात लावा. बार सपाट काचेवर उभा करून बघा. दोन्ही कडा सारख्या टेकल्या आणि खाचेत चेन डावी-उजवीकडे झुकली नाही तर चालेल. कडेला बाहेर आलेली धार कानशीनं मारा आणि बार उलटा करून बसवा, म्हणजे झीज दोन्हीकडे सारखी होईल. पुढंही चेनला धार लावाल तेव्हा दर वेळी उलटा. खोडातनं पिठासारखा भुसा येत असेल तर दात बोथट आहेत. बोथट चेनला कितीही ऑईल दिलं तरी ती तापणारच. तुमच्या खोडांच्या बुडाला माती असते, ती दात मारते. माती झटकून, वीतभर वर कापा. बुडखे जेसीबीला सोडा.

शिराळकर_ताई
एक सांगते. आम्ही मागच्या वर्षी बाग मोडली. जुन्या खोडांत तार रुतून वर साल चढलेली असते, बाहेरनं दिसत नाही. आमच्या चेनचे सहा दात एका खोडात गेले आणि मशीन उसळून ह्यांच्या गुडघ्याजवळनं गेलं. ओलांडा, म्हणजे खोडाची आडवी फांदी, जिथं तारेला बांधलेला असतो तिथं साल कोयत्यानं खरवडून बघा, मगच कापा. आणि बारचं टोक कशात खुपसू नका.

बागवाला_तासगाव
ताई, बरं झालं सांगितलंत. आज खरवडून बघितलं तर चौथ्या ओळीत तीन झाडांत तार निघाली. तेवढी तीन कुऱ्हाडीनं काढली. अकरा ओळी झाल्या, सात राहिल्या. मशीन आता गोठ्याच्या कडेला सावलीत, खाली जुनं पाटीचं झाकण ठेवून त्यावर असतं. सकाळी झाकणात दोन-तीन थेंब दिसतात, तेवढेच.