अक्कलकारा: नाव एक, झाडं दोन

प्रश्न: नर्सरीतून अक्कलकाऱ्याचं रोप आणलं. पाकळ्या नाहीत, नुसतं पिवळं बोंड आणि टोकाला तांबूस ठिपका. वैद्यांनी एका औषधासाठी अक्कलकारा लिहून दिला, म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा ओळीत गेले, तर दुकानदारानं वाळलेल्या मुळ्या काढून दिल्या. मग माझ्या कुंडीत काय आहे? सासूबाई म्हणतात, मुलांना अक्कल येते म्हणून हे नाव पडलं. खरं का?

उत्तर: ताई, दोन्ही अक्कलकाराच. दुकानातली मुळी उत्तर आफ्रिकेकडच्या झाडाची. तिचं अरबी नाव आकिरकर्हा. हिंदीत त्याचं अकरकरा झालं, शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आकारकरभ असं रूप आहे. मराठीत ‘र’चा ‘ल’ झाला आणि ओळखीची ‘अक्कल’ त्यात येऊन बसली. अक्कल हा शब्दही अरबीच, पण त्याचा या नावाशी संबंध नाही.

तुमच्या कुंडीतलं झाड निराळं, कूळ मात्र तेच, सूर्यफुलाचं. दिसायला दोघांत काहीच साम्य नाही, तरी नाव इकडे आलं ते चवीमुळे, असं मला ठामपणे वाटतं. मुळी चावा की फूल, जिभेला झिणझिण्या येतात, तोंडभर लाळ सुटते, मग बधिरपणा. फुलात हे काम स्पिलँथॉल नावाचं द्रव्य करतं. म्हणून तर दाढ ठणकली की बोंडाचा तुकडा दाढेखाली धरतात. ठणका तेवढ्यापुरता थांबतो; कीड तशीच राहते, दाताच्या डॉक्टरकडे जावंच लागतं.

सासूबाईंचं म्हणणंही आलं कुठून ते कळतं. बोबडं बोलणाऱ्या, जीभ जड असलेल्या मुलांना अक्कलकारा मधात उगाळून चाटवायची जुनी रीत आहे. बोलणं सुधारलं की पोर हुशार झालं, असंच घरात म्हणणार. पण वैद्यांना विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको.

प्रश्न: आणि रोप टिकेल का आपल्याकडे?

उत्तर: पावसाळ्यात जोमानं वाढतं. ओल हवी, पण पाणी साचू देऊ नका. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा हिरव्या जाळीखाली ठेवा, दोन्ही वेळ पाणी द्या. वाळलेल्या बोंडांचं बी आधीच काढून ठेवा. ते मातीत पुरू नका. वर भुरभुरून हलकं दाबायचं, त्याला रुजायला उजेड लागतो.

आणि वैद्यांना एकदा विचारून घ्या, मूळ हवंय की फूल. चूर्णात बहुधा मूळच असतं. कुंडीतलं बोंड त्याच्या जागी घालू नका.