काळ्या मातीवर, खोदकाम न करता थरांची बाग : अगदी कमी खर्चात जमेल का?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. आमच्या भाड्याच्या घरामागे 10 फूट बाय 8 फुटांचा मोकळा तुकडा आहे. त्याच्या एका बाजूला घराची भिंत आहे आणि दुपारी दोनपर्यंत तेथे चांगले ऊन असते. माती इंदूरची नेहमीची काळी आहे. सध्या तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत, आणि वर हरळी, गाजरगवत व थोडा बांधकामाचा राडारोडा आहे. घरमालकांनी पक्के बांधकाम न करण्याच्या अटीवर भाजीपाला लावण्यास परवानगी दिली आहे. माझ्या मनगटाच्या दुखण्यामुळे कुदळ चालवणे मला शक्य नाही आणि मजूर लावण्याइतके पैसे नाहीत. एकूण सहाशे रुपयांच्या आत काम व्हावे अशी इच्छा आहे.

जमीन न खोदता तिच्यावर पुठ्ठे, सुका पालापाचोळा, शेण आणि कंपोस्ट यांचे थर रचून थेट लागवड करता येते, असे वाचले आहे. मात्र ती वर्णने थंड प्रदेशांतील भुसभुशीत मातीची वाटतात. माळव्यातील चिकण काळ्या मातीवर हे चालेल का, मेअखेरीस आत्ताच सुरुवात करावी की पावसाची वाट पाहावी, आणि हातातले पैसे नेमके कशावर खर्च करावेत, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

वाफसा
नमस्कार ताई. माझ्या मते ही पद्धत हलक्या मातीपेक्षा काळ्या मातीला अधिक मानवते. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते, आणि या हालचालीत वरचा भुसभुशीत चुरा आपोआप भेगांमध्ये उतरतो. म्हणजे तिची बरीचशी मशागत ती स्वतःच करते. तिची घडण बिघडते ती ओली असताना खोदल्याने किंवा तुडवल्याने, म्हणून वाफा साडेतीन ते चार फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे आणि त्याच्यावर कधीही पाय पडता कामा नये.

तुमचा खरा प्रश्न वेळेचा आहे. कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर पुठ्ठे अंथरून त्यावर थर रचले, तर पहिल्या सरींचे पाणी वरचा भुसाच पिऊन टाकतो आणि खालची माती जुलैपर्यंत कोरडी राहू शकते. म्हणून आत्ता फक्त साहित्य जमवा. मोसमी पावसाचे एक-दोन चांगले झोड पडून भेगा मिटल्या की, गवत मुळासकट न उपटता जमिनीलगत कापून तेथेच पडू द्या आणि त्यावर पुठ्ठे घाला. पावसाआधीच करायचे असेल, तर रोज थोडे थोडे पाणी देऊन जमीन वीतभर खोल भिजवावी लागेल. मेमध्ये इंदुरात एवढे पाणी खर्च करणे मला पटत नाही.

सियागंजच्या किराणा बाजारात खोकी सहज मिळतात. चिकटपट्ट्या, पिना आणि गुळगुळीत रंगीत छपाईचे भाग काढून पुठ्ठे पाण्यात बुडवा आणि एकावर एक निदान वीतभर येतील असे अंथरा, कारण हरळी नेमक्या फटीतूनच वर येते. त्यावर ओल्या आणि सुक्या साहित्याचे पातळ थर आलटून पालटून द्या. सुक्यासाठी गव्हाचा भुसा, पाचोळा किंवा रसवंतीवरची उसाची चिपाडे चालतील. मेमध्ये रसवंत्या जोरात असतात आणि चिपाडे न्यायला कोणी आले तर त्यांनाही हवेच असते. ओल्यासाठी शेण, भाजीची देठे आणि कापलेले हिरवे गवत वापरा. आकारमानाने तीन वाटे सुके आणि एक वाटा शेण हा अंदाज पुरेसा आहे. लाकडाचा भुस्सा मात्र टाळा. त्यात कर्बाच्या मानाने नत्र इतके थोडे असते की तो वर्षभर कुजत नाही.

पैसे फक्त कंपोस्टवर खर्च करा, आणि त्यासाठी सगळा तुकडा एकदम झाकण्याचा मोह आवरा. 80 चौरस फुटांवर दोन इंच कंपोस्ट घालायचे तर सुमारे 375 लिटर लागेल. 6 फूट बाय साडेतीन फुटांच्या वाफ्याला 100 लिटर पुरते. उरलेल्या जागेवर नुसते पुठ्ठे आणि भुसा टाकून ठेवा. तिथले गवत पावसाळ्यात मरेल आणि पुढच्या हंगामात तो भाग वापरता येईल.

नर्मदातीर
वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु दोन धोक्यांचा उल्लेख राहिला आहे. पहिला वाळवीचा. पुठ्ठा आणि कोरडा भुसा हे तिचे आवडते खाद्य आहे आणि तुमच्या तुकड्याच्या एका बाजूला घराची भिंत आहे. भिंतीपासून किमान तीन फूट पट्टा पूर्णपणे मोकळा ठेवा. वाळवी आली आणि दाराच्या चौकटीपर्यंत पोचली, तर भाड्याच्या घरात तो वाद मिटवणे बागेपेक्षा महाग पडेल. थर सतत ओलसर राहिले तर तिचा उपद्रव कमी होतो. खरी काळजी पावसानंतर, ऑक्टोबरपासून घ्यावी लागते. पुठ्ठ्याखाली मूठ-मूठ निंबोळी पेंड टाकण्याने मदत होते, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

दुसरा धोका लव्हाळ्याचा आहे. हरळी आणि गाजरगवत अंधारात गुदमरतात. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी मात्र पुठ्ठ्याला सरळ भोक पाडून वर येतात. तुमच्या तुकड्यात तो असेल तर पुठ्ठ्याचे दोन थर द्या आणि तरीही वर आलेला प्रत्येक कोंब दिसताक्षणी उपटण्याची तयारी ठेवा. ज्या पद्धतीला लोक बिनकष्टाची म्हणतात, तिच्यात हे कष्ट पहिल्या वर्षी तरी आहेतच.

राडारोड्याविषयी एवढेच सांगेन की विटांचे तुकडे राहिले तरी बिघडत नाही, पण सिमेंटचे ढेकूळ, काच आणि रंगाचे पापुद्रे वेचून काढा.

सुदामानगरकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. लव्हाळा आहे की नाही, हे सध्याच्या वाळलेल्या गवतात ओळखू येत नाही, त्यामुळे पहिल्या पावसानंतर पाहीन. आणखी एक शंका विचारते. शेजाऱ्यांच्या खिडक्या या बाजूला उघडतात; शेण आणि भाजीच्या कचऱ्यामुळे वास किंवा माश्या होणार नाहीत ना? शिवाय ताजे शेण वापरावे की जुने?

जुने_इंदूर
वासाच्या निमित्ताने एक स्थानिक संदर्भ देणे मला आवश्यक वाटते, कारण कचरा आणि शेण थरांनी रचून कुजवण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती याच शहरातील आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे 1924 ते 1931 या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. आज त्या परिसरात कृषी महाविद्यालय आहे. तेथे त्यांनी यशवंत वाड या रसायनतज्ज्ञांसह ही पद्धत सिद्ध केली. वाडांचे नाव आपल्या मराठी घरांतही फारसे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते.

त्यांची रीत आणि तुमचा वाफा एकच नाहीत. त्यांच्या ढिगात साहित्य ठरावीक काळाने उलटेपालटे केले जाई, म्हणून तीन महिन्यांत खत तयार होत असे. तुमचे थर हलणार नाहीत, त्यामुळे ते सावकाश कुजतील. तरी तीन धडे सरळ उचलण्यासारखे आहेत. शेण ढेकळांनी न टाकता पाण्यात कालवून शिंपडावे, म्हणजे ते प्रत्येक काडीला लागते. थोडी लाकडाची राख आणि माती मिसळावी, त्याने आंबटपणा आणि वास दोन्ही आटोक्यात राहतात. आणि पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीच्या वर ढीग रचावा, कारण खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते. कापसाच्या व तुरीच्या टणक काड्या तर तेथे गाड्यांच्या वाटेवर पसरून चाकांखाली चेचून घेत असत. तुमची चिपाडेही आधी थोडी ठेचून किंवा तोडून घेतल्यास लवकर मुरतील.

वास येतो तो हवा कोंडल्यावर. हिरव्या कचऱ्याचा थर दोन इंचांहून जाड करू नका आणि सर्वांत वर नेहमी सुका भुसाच ठेवा. शिजवलेले अन्न मुळीच घालू नका, कारण त्यामागे उंदीर आणि कुत्री येतात. खालच्या थरांत ताज्या शेणाचा काला चालतो. रोपाच्या मुळांजवळ मात्र फक्त पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे खत हवे.

वाफसा
ताई, लागवडीविषयी थोडे लिहून माझे म्हणणे पूर्ण करतो. थर रचून झाल्यावर ते आतून तापतात आणि पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ निम्मे बसतात. म्हणून पहिल्या हंगामात बी थेट भुशात पेरू नका. भुसा बाजूला सारून दोन ओंजळी कंपोस्टचा खळगा करा आणि त्यात बी किंवा रोप लावा. जुलैत लावायला गिलके, दोडका, चवळी, गवार आणि भोपळा उत्तम. वेल भिंतीवर न चढवता बांबूच्या मांडवावर घ्या, म्हणजे मोकळा पट्टा मोकळाच राहील. भेंडी जमेल, पण तिचे सोटमूळ खालच्या मातीपर्यंत पोचायला वेळ घेते आणि थर मऊ असताना जोराच्या पावसात ती कलंडते. मुळा आणि गाजर पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा. वरचा थर कुजून मातीसारखा झाला की ऑक्टोबरमध्ये मेथी आणि पालक घ्या.

पाने पिवळट दिसू लागली तर नत्र कमी पडते आहे असे समजून, एका भागास दहा भाग पाणी घालून पातळ केलेले गोमूत्र मुळाशी द्या. भुशातून गव्हाचे कोंब येतील. ते उपटून तेथेच आच्छादन म्हणून टाका. पावसाळ्यात गोगलगायी थरांत लपतात, तेव्हा संध्याकाळी एक ओले पोते वाफ्याच्या कडेला टाकून सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून काढाव्यात.

शेणासाठी शहरात फिरण्यात वेळ घालवू नका. गोठे आता बहुतेक बाहेरच गेले आहेत. तुमच्या दूधवाल्याला विचारलेत तर तो येताना एक गोणी घेऊन येईल, आणि त्यासाठी सहाशेतले थोडे पैसे बाजूला ठेवा.