अनुभव धागा: मोठेपणी कळलेली स्वमग्नता आणि घरची माणसं

धागा काढणारी, वय ४३, त्रिमूर्ती नगर, नागपूर

मागच्या वर्षी मला स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. त्याआधी बरीच वर्षं चिंतेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. माहेरी मी माणूसघाणी, सासरी शिष्ट. ज्यांना हे असं उशिरा कळलं त्यांनी लिहा ना, घरी कसं सांगितलं, मग नात्यांचं काय झालं. शेवट गोड नसला तरी लिहा.

माझं सांगते. मोठ्या माणसाचं निदान करतानाही लहानपणची माहिती लागते, कारण लक्षणं तेव्हापासूनची असावी लागतात. म्हणून तपासणाऱ्या मॅडमनी आईला बोलावलं. वाटलं होतं, ती दहा मिनिटांत उठेल. ती बोलतच राहिली. तान्ह्या पोळ्याला मारबत आणि बडग्यांच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की महालातल्या आजोळी मी धान्याच्या कोठीमागे कान दाबून बसायचे. सगळे म्हणत, पोरगी भित्री आहे. आई म्हणाली, "भित्री नव्हती जी ते. मिरवणूक गेली का बाहेर येऊन कोन्त्या बडग्यावर काय लिहिलं होतं, थे सारं इचारे." माझ्या फ्रॉकच्या गळ्याची शिवण ती बाहेरच्या बाजूला घ्यायची, आत टोचायची म्हणून. हे मला माहीतच नव्हतं. ज्या बाईला आपण कळलोच नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले, तिने माझी एकेक गोष्ट जपून ठेवली होती.

परतताना मेट्रोत तिने विचारलं, "आता कोन्ता आवाज जास्त होते तुले?"

वय ४८, मानेवाडा

आधी मुलाचं निदान झालं. त्याचा रिपोर्ट वाचता वाचता बायको म्हणाली, "अहो, हे तर तुमचंच लिहिलंय." मग माझीही तपासणी झाली. मुलगा फार बोलत नाही, मीही नाही. एप्रिल लागला की आम्ही दोघं कूलर काढतो, टाकी घासतो, वाळ्याच्या ताट्या बदलतो. पाणी सारखं पडतंय की नाही हे तो बोट लावून बघतो, एक कोपरा कोरडा राहिला तर मला हात धरून तिथे नेतो. कूलरच्या आवाजात आम्हा दोघांनाही झोप चांगली लागते. माझ्या वडिलांसोबत असं एकही काम मी कधी केलं नाही, याचं वाईट वाटतं.

वय २९, हिंगणा रोड

बाबा मानत नाहीत. "आपल्या खानदानात असं कोणी नाही." आई म्हणते, बाहेर बोलू नको, स्थळं परत जातील. औषध कोणतं, हेही तीच विचारते. स्वमग्नतेवर गोळी नसते, सोबतच्या चिंतेवर किंवा झोपेवर उपचार होतात, हे सांगून झालं. सध्या मी फक्त भावाशी बोलते. मुलाकडच्यांपासून लपवून मी लग्न करणार नाही, एवढं नक्की.

वय ३६, जरीपटका

वरच्या हिंगणा रोडच्या ताईंना उपयोगी पडेल म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून सरकारी दवाखान्यात तपासणीला जावं लागतं. आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. माझा मोठा भाऊ रजा टाकून सोबत आला, रांगेत माझ्याऐवजी तोच उभा राहिला. आमचं आधी फारसं जमत नव्हतं. अजूनही गप्पा होत नाहीत, पण कुठल्याही ऑफिसचं काम निघालं की तो आपणहून गाडी काढतो.

वय ६२, निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

माझ्या तरुणपणी स्वमग्न म्हणजे न बोलणारं मूल, एवढीच समज होती. मी तर वर्गात तास न् तास बोलायची आणि घरी आल्यावर दार लावून घ्यायची. बहिणींना वाटे, हिला आमचा कंटाळा. निदानानंतर तिघींना एकत्र बसवून सांगितलं. मधली रडली, धाकटीने सरळ विचारलं, "मग आता आम्ही काय करायचं?" फोन करण्याआधी मेसेज टाका, आणि लग्नात मला स्टेजजवळ बसवू नका, एवढंच मागितलं. मे महिन्यात धाकटीच्या मुलीचं लग्न झालं. तिने मला सकाळी हळदीआधी घरी बोलावलं, तेव्हा मंडळी जमायची होती. नवरीसोबत मी निवांत चहा घेतला. संध्याकाळी मी हॉलवर गेले नाही आणि कोणी रुसलंही नाही.