परदेशी पैशानं रंकाळा सुधारतो होय?

बावडेकर: काल एकानं लिहिलं की इराकच्या दलदलीगत परदेशी निधी आणला तर कोल्हापूरची रंकाळा, कळंबा ही तळी, गावोगावच्या पाणी योजना सगळं मार्गी लागेल, महापालिकेच्या नादाला लागूच नका. डोकंच फिरलं. अरे, सद्दामनं पाणी वळवून ती दलदल वाळवली, दहावा हिस्सा पण उरला नव्हता. २००३ ला तो गेल्यावर बांध पहिल्यांदा तिथल्याच लोकांनी फोडले. जपानच्या पैशातनं संयुक्त राष्ट्रांचं काम, पिण्याच्या पाण्याची सोय वगैरे २००४ नंतर आलं. आणि आजही वरच्या धरणांतनं पाणी आलं नाही की ती दलदल सुकतीच. तिथं जपान काय करणार?

रंकाळावेडा: मीच लिहिलंय ते आणि परत लिहीन. जलस्वराज्य विसरलास काय भावा? गावच्या नळपाण्याच्या त्या योजनेला जागतिक बँकेचाच पैसा होता. दहा टक्के वर्गणी गावानं भरायची, समितीत बायका पाहिजेतच. पन्हाळ्याकडं आमच्या आजोळी मामी समितीत होती, त्याआधी तिला ग्रामसभेत तोंड उघडू देत नव्हते. नळ आला आणि झऱ्यावरच्या खेपा थांबल्या. तू कधी डोक्यावर घागर घेऊन चढ चढलायस?

करवीरचा: ते कर्ज होतं दादा, फेडणार आपणच. आमच्या गावात योजना झाली, मोटर जळाली, वीजबिल थकलं, टाकी नुसती उभी आहे. बांधायला सगळे येतात, चालवायला कोण नाही. शाहू महाराजांनी राधानगरी धरण काय कुणाकडं हात पसरून बांधलं?

रंकाळावेडा: महाराजांनी सुरू केलं, पण पुरं व्हायला १९५७ उजाडलं. तोवर तहान थांबत नाही.

इचलकरंजीचा: तुम्ही तळ्याचं बोला, तुमचं सांडपाणी पंचगंगेतनं खाली आमच्याकडं येतं. २०१२ ला कावीळीनं माणसं गेली, आमच्या गल्लीत घरटी एक आजारी होता. कागलकडच्या सुळकूड गावावरनं दूधगंगा नदीचं पाणी मागितलं तर कागलवाले आडवे पडतात.

कागलचा शेतकरी: पडणारच! आधी वारणा नदीचं पाणी मागून झालं, दानोळी गावानं हाकललं, आता आमची दूधगंगा. पंचगंगेत कापड रंगवायच्या प्रोसेसचं रंगीत पाणी कुणी सोडलं? आपली नदी नासवायची आणि दुसऱ्याची मागायची. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की ऊस आमचा वाळतो, तुमचा नाही.

इचलकरंजीचा: यंत्रमागावर राबून आलेली बाई रात्री टँकरची वाट बघत बसते, तिनं सोडलं काय रंगीत पाणी? उसाला पाटानं पाणी सोडताना दूधगंगा आटत नाही आणि प्यायला मागितलं की आटते होय? लाज वाटू दे.

कागलचा शेतकरी: लाज कुणाला शिकवतोस? ये बांधावर, समोर बोल.

बावडेकर: भांडा, पण मुद्दा तोच आहे. रंकाळ्याला केंद्राच्या सरोवर योजनेतनं पैसे आले होते की, तरी नाल्याचं पाणी तळ्यात आलंच, पाणी हिरवं, वर केंदाळ, म्हणजे जलपर्णी. पूर पसरायची रानं भराव टाकून बुजवली, मग २०१९ ला शिरोलीपाशी हायवे दिवसच्या दिवस बंद. भराव काढायला आणि नाला अडवायला जपान येणार नाही, आपल्याच माणसांशी वाईटपणा घ्यावा लागतो.

रंकाळावेडा: भरावाचं मान्य, तेवढंच. पण मामीच्या गावात पैन् पैचा हिशोब ग्रामसभेत वाचला जायचा, कारण पैसे देणाऱ्यानं तशी अटच घातलेली. महापालिकेनं रंकाळ्याच्या नाल्यांचा हिशोब असा चौकात वाचून दाखवला तर मी परदेशाचं नाव काढणार नाही.

करवीरचा: हिशोब वाचला तरी मोटर कोण दुरुस्त करणार ते सांगा.

इचलकरंजीचा: आणि सुळकूडचं काय?

कागलचा शेतकरी: नाही म्हणजे नाही.