सार्वजनिक बालवाडी सुरू करायचीये, पैसे आधी कशावर घालायचे?

टिकलीवाली:
नमस्कार मंडळी. ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी मोफत सार्वजनिक बालवाडी काढायचं ठरतंय आणि आराखडा करणाऱ्या समितीत मलाही ओढलंय. आत्तापर्यंतच्या सगळ्या मीटिंगा इमारत, भिंतींवरची चित्रं, घसरगुंडी आणि स्मार्ट टीव्ही यातच गेल्या. शिक्षिकांचा विषय निघाला की "बघू नंतर, मुली मिळतात" 😑 आणि पालकांचं म्हणणं वर्षभरात लिहिता-वाचता आलंच पाहिजे. एका वर्गात मुलं किती घ्यायची, किती तास ठेवायचं? आणि याने मुलांचा खरंच फायदा होतो का, ते पण कोणीतरी ठोस सांगा, पैसे देणारे आधी तेच विचारतात.

खडूची पूड:
फायदा होतो का, तर कशी चालवता त्यावर आहे. सगळे दाखला देतात तो अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलचा, १९६२ ते ६७, फक्त १२३ मुलं, त्यातली ५८ बालवाडीत आणि बाकीची तुलनेसाठी बाहेर. रोज सकाळी अडीच तास, साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका, वर शिक्षिका आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर बसायची. बुद्ध्यांकात पडलेला फरक काही वर्षांत विरून गेला, पण ही मुलं चाळिशीला आली तेव्हा शिक्षण, कमाई, पोलिसांच्या भानगडी सगळ्यात उजवी निघाली. आता लोक यातला "फायदा झाला" एवढाच भाग उचलतात आणि सहाला एक शिक्षिका हे सोयीस्करपणे विसरतात.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याचं. तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त आले म्हणून लॉटरी काढली, त्यामुळे तुलना चोख झाली, जवळपास ३००० मुलं. २०२२ ला सहावीपर्यंतचे निकाल छापून आले, तर सरकारी बालवाडीत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा परीक्षेत मागे, शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. म्हणजे नुसती पाटी लावली की झालं असं नाही. तुमच्याकडेही अर्ज जास्त आले तर लॉटरीच काढा, वशिला बंद होतो आणि पुढे तुलना करायची सोय राहते.

भोकाडपसंत:
मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते. चार वर्षांच्या मुलांना वीसच्या वर एका वर्गात घेऊ नका आणि वीसला दोन मोठी माणसं हवीतच. का ते सांगते, एकाला शू लागते, दुसऱ्याने वाळू डोळ्यात घातली, तिसरं आईसाठी भोकाड पसरून बसलंय, अशात बाई एकटी असली तर ती फक्त राखण करते, शिकवणं कुठलं. मूल म्हणालं "बघ, पडलं", तर "काय पडलं? कसं पडलं? आता परत उभं कसं करायचं?" एवढं बोलायला कोणीतरी खाली बसलेलं लागतं, त्यातूनच भाषा येते, टीव्हीतून येत नाही.

पालकांचं म्हणाल तर तीन वर्षांच्या हातात पेन्सिल घट्ट धरून पानभर गिरवून घेण्यात काही अर्थ नाही, बोटांत जोरच नसतो. आधी माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, चिमट्याने कापूस उचलणं. गाणी, यमकं, "क ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधा" असले खेळ हे वाचनाचंच काम आहे, फक्त ते वहीत दिसत नाही म्हणून पालकांना काही झालं असं वाटत नाही. त्यांना अधूनमधून तासभर वर्गात बसवा, भाषणापेक्षा ते बरं.

आणि इमारतीवर खर्च करायचाच असेल तर संडास आणि नळ मुलांच्या उंचीचे, हे पहिलं. घसरगुंडी नंतर.

टिकलीवाली:
वीसला दोन म्हटलं की बजेट बघून लगेच "मग मुलं निम्मीच घेता येतील" असं होणार. आणि तासांचं? कामावर जाणाऱ्या आयांना अर्धा दिवस उपयोगाचा नाही.

खडूची पूड:
निम्मीच घ्या, दरवर्षी वर्ग वाढवत न्या. एकदम सगळीकडे उघडायची घाई अंगाशी येते. कॅनडात क्वेबेक प्रांताने १९९७ ला दिवसाला ५ डॉलरमध्ये मुलं सांभाळायची योजना काढली, आया कामाला जाऊ लागल्या हे खरं, पण नंतरच्या अभ्यासांत मुलांमध्ये चिंता, आक्रमकपणा वाढलेला दिसला, बऱ्याच ठिकाणी दर्जाच जेमतेम होता. त्यामुळे पूर्ण दिवस द्यायचा तर द्या, पण दुपारनंतर झोप, मोकळा खेळ आणि तिथेही पुरेशी माणसं. सकाळचाच अभ्यास ताणून सहा तासांचा करू नका.

भोकाडपसंत:
+१. आणि "मुली मिळतात" म्हणणाऱ्याला विचारा, किती पगारात आणि किती महिने टिकतात 😄 बाई बदलली की लहान मुलं परत पहिल्या दिवसासारखी रडायला लागतात, सगळं नव्याने सुरू. शाळेतल्या शिक्षिकेच्या जवळपास पगार आणि आठवड्यातून एक अर्धा दिवस मुलांविना, तयारीला आणि एकमेकींचे वर्ग बघायला, हे आराखड्यात आत्ताच लिहून घ्या. मंजूर झाल्यावर कोणी वाढवून देत नाही.

टिकलीवाली:
पुढच्या मीटिंगला स्मार्ट टीव्हीची रक्कम मदतनिसांच्या पगाराकडे वळवा असं लेखीच देते. बघू कोण कोण भडकतंय.