स्ट्रेचरला मराठीत काय म्हणायचं? (कोटणीसांच्या पिक्चरवरून)

गिरणाकाठ: मंडळी अडलोय. आमच्या वाचनालयात रविवारी शांतारामांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' दाखवणारेत. लोकांना 'दो आँखें बारह हाथ' आठवतो, 'पिंजरा' आठवतो, हा कुणी काढतच नाही म्हणून पत्रक लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. लिहिलं की १९३८ ला पाच डॉक्टर चीनला गेले, चार परतले, आपला सोलापूरचा कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेला, वय ३२. आणि 'जखमींना स्ट्रेचरवरून दवाखान्यात आणत'. परके शब्द नकोत म्हणून गुरुजींनी लाल पेनाने दवाखान्याचं रुग्णालय केलं, जखमीचं घायाळ, आणि स्ट्रेचरचं 'रुग्णशिबिका'! मला तर डोळ्यासमोर पालखीच दिसायला लागली. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती: गुरुजींचं बरोबर आहे. दिग्दर्शक, बोलपट, मध्यंतर हे सावरकरांचे शब्द सुरुवातीला विचित्रच वाटले असतील, आज कुणी हसतं का? वापरला की रुळतो.

केळीचं पान: रुळतो तो रुळतो, सगळेच नाही. रुग्णालय आमच्याकडे पाटीवर असतं, माणूस दवाखान्यातच जातो. आजी म्हणायची 'त्याले दवाखानामा लई जा'. कवी माधव जूलियनांनी आधी १९२५ ला फार्शी-मराठी कोश केला आणि मग भाषाशुद्धीकडे वळले, त्यांना निदान काय काढतोय ते माहीत होतं.

शहाद्याचा पाहुणा: आमच्या नंदुरबारकडे तयार शब्द आहे, बांबूलन्स. अक्राणीत रस्ता नाही तिथं बांबूला झोळी बांधून पेशंट खांद्यावर आणतात, पेपरात बातम्या येतात की.

सातपुडा पायी: भो तो पेपरवाल्यांचा शब्द. मी सहा वर्षं धडगावकडे मास्तरकी केली, एकाच्याही तोंडून ऐकला नाही, झोळीच म्हणतात. नर्मदेत बोटीतला 'तरंगता दवाखाना' मात्र खरंच चालतो. बघा, दवाखानाच हं, तरंगतं रुग्णालय नाही.

केळीचं पान: हाणला!

शुद्धमती: झोळी भिक्षेकऱ्याची. डोली म्हणा.

गिरणाकाठ: डोलीत नवरी बसते ताई, इथं युद्ध चालूय.

भुसावळ जंक्शन: आमचे वडील रेल्वेत होते, फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालेलं, ते 'इष्टेचर' म्हणायचे. तसंच लिहा की, झालं ना आपलं. इस्पितळ नाही का झालं पोर्तुगीजांकडून?

शुद्धमती: इस्पितळ आलं खरं. पण आलं म्हणून ठेवलंच पाहिजे असं कुठंय? घरात फार्शी भाडेकरू किती ठेवायचे!

केळीचं पान: मग सुरुवात खानदेशपासून करा. खान ही इथल्या फारुकी सुलतानांची पदवी.

शुद्धमती: मूळ कान्हदेश आहे. कृष्णाचा.

केळीचं पान: हो आणि थाळनेरला फारुकी कृष्णाच्या ओसरीवर भाड्याने राहायचे.

सातपुडा पायी: यावर मागच्या दिवाळीत तीन दिवस भांडलोय आपण, नको. पिक्चरबद्दल बोला कुणीतरी. मी पाहिलाय. शांताराम स्वतः कोटणीस, आणि चिनी बायको जयश्रीबाई. त्या चिनी वाटत नाहीत हे कबूल, पण थोड्या वेळाने आपण ते बघायचं सोडून देतो. संगीत वसंत देसाईंचं. यापुढे 'पिंजरा' मला जरा भडकच वाटतो, शिव्या घाला.

भुसावळ जंक्शन: चिन्यांनी तर माणसाचं नावच बदलून घेतलं, के दिहुआ. कोटणीस त्यांच्या जिभेवर बसेना तर कोटणीसच आपल्या जिभेच्या मापाचा करून घेतला. याला म्हणतात रुळवणं. म्हणून म्हणतो, इष्टेचर.

शुद्धमती: ते नाव आहे, शब्द नाही.

केळीचं पान: नाव म्हणजे काय मग, भाकरी?

गिरणाकाठ: बास. पत्रक छापायला गेलं. 'जखमींना दवाखान्यात उचलून आणत' असं केलं, स्ट्रेचर नाही शिबिका नाही. दवाखाना आणि जखमी गुरुजींनी कसे सोडले देव जाणे, चष्मा विसरले असतील.

सातपुडा पायी: 'उचलून आणत' वाचलं की पोलिसांनी रात्री उचलून आणल्यासारखं वाटतं हो.